सहवास दाखला

आमच्या घरची कागदपत्रं माझ्या ताब्यात असतात आणि त्याचा मला माज होता. निळी फाइल, तिच्यात प्लॅस्टिकचे कप्पे, प्रत्येक कप्प्यावर माझ्या मास्तरणीच्या अक्षरात चिठ्ठी: पासपोर्ट, ओवीचा जन्मदाखला, अण्णांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, विमा. 'सागरगंधा' बोटीच्या कंपनीने कागदांची यादी पाठवली, त्याच संध्याकाळी पाचांपैकी चार कागद माझ्या फाइलीत तयार होते. नणंद तिच्या कुटुंबासकट त्याच बोटीवर येणार होती आणि तिला अजून पासपोर्ट सापडत नव्हते. मकरंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी ते दोनदा ऐकवलं. खोटं कशाला बोलू, मजा वाटली होती मला.

पाचवा कागद तेवढा राहिला होता. सहवास दाखला. त्या एका कागदाने माझी जी शोभा केली ती आज सांगून टाकते, कारण मनात ठेवून ठेवून जीव आंबून गेलाय.

बोटीने जायचं ते अण्णांसाठी. अण्णा म्हणजे माझे सासरे, ऐंशीला एक कमी. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं त्यांनी कृष्णेची पातळी मोजली. पुराच्या दिवसांत तासातासाला पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि वर कळवायचा. "आयुष्यभर पाणी मोजलं गं वृषाली, पण काठावरून. पाण्यावर कधी गेलो नाही," असं ते हसत म्हणायचे, आणि हसत म्हणायचे म्हणून आम्ही सोडून द्यायचो. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही पडदे झिजत चाललेत, मधली नजर सहा-आठ महिन्यांत जाईल, यांना काय दाखवायचं असेल ते आत्ता दाखवा. मकरंदने दुसऱ्याच दिवशी सात दिवसांची सहल ठरवली. मुंबई, लक्षद्वीप, मालदीव आणि परत. बोट पाच जानेवारीला निघणार होती. पुढची बोट थेट मे महिन्यात, आणि मेपर्यंत अण्णांची नजर राहील याची खात्री कोण देणार?

आता हा दाखला म्हणजे काय, ते नववीच्या पोरींना सांगते तसं सांगते. मी विज्ञानच शिकवते, सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत.

आपल्या कातडीवर, तोंडात, आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. एकाच जातीच्या जिवाणूंतही वाण असतात, तांदळात इंद्रायणी आणि आंबेमोहोर असतात तसे. दोन अनोळखी माणसांच्या पोटात जात एकच सापडली तरी वाण निराळे निघतात. पण जी माणसं एका घरात वावरतात, एका हातचं खातात, एकमेकांच्या गळ्यात पडतात, त्यांच्यात हळूहळू तेच ते वाण पसरतात. हे शास्त्रज्ञांना जुनंच ठाऊक होतं. नवीन आलं ते यंत्र. लाळ, तळहाताची पुसणी आणि जिच्याबद्दल मी लिहिणार नाही अशी एक डबी, एवढ्यावरून ते दोन दिवसांत सांगतं की कोण कोणाच्या किती सहवासात आहे.

बोटींना त्याचं काय? तीन वर्षांपूर्वी बोटींवर पोटाच्या विकाराची साथ पसरली, हजारो माणसं समुद्रात अडकून पडली आणि एकही बंदर त्यांना आत घेईना. तेव्हापासून माणसं गटाने मोजतात. एकाला जुलाब लागले की त्याचा अख्खा गट खोलीत बंद, बाकीची बोट मोकळी. त्यासाठी गट खरा हवा. म्हणून दोन अटी आहेत. गटातल्यांचे वाण आपसांत पुरेसे जुळले पाहिजेत. आणि अर्जात न लिहिलेल्या, न तपासलेल्या माणसाची दाट खूण कोणाच्या अंगात सापडता कामा नये. तो माणूस बोटीवर चढला नाही तरी त्याचे जंतू चढतात ना!

अर्जात रकाना होता: 'एका छपराखाली वावरणारे व जेवणारे सर्वजण.' मी लिहिलं, चार. मकरंद, मी, अण्णा आणि आमची नऊ वर्षांची ओवी. लिहिताना माझं पेन जरासुद्धा अडखळलं नाही.

मिरजेच्या सहवास केंद्रात शिकलगार मॅडम म्हणून अधिकारी होत्या. पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. नमुने दिल्यावर दोन दिवसांनी, शाळेतून परस्पर, मी एकटीच दाखला आणायला गेले. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला.

"घरात आणखी कोण असतं?"

"कोणी नाही. आम्ही चौघंच."

पडद्यावर चार वर्तुळं होती, खाली आमची नावं. आणि त्यांच्या मधोमध तुटक रेषेचं पाचवं वर्तुळ, बिननावाचं. अण्णांकडून त्याच्याकडे जाडजूड रेघ गेली होती, ओवीकडून तशीच. मकरंदकडून आणि माझ्याकडून जरा बेताची, पण ठळक. आमच्या आमच्यातल्या रेघा बारीक होत्या. त्या मला तेव्हा दिसल्याच नाहीत. मी नुसती मधल्या वर्तुळाकडे पाहत बसले.

"आजोबांच्या अंगातले निम्मे वाण या पाचव्या माणसाचे आहेत," मॅडम म्हणाल्या. "मुलीच्या तोंडातले एक तृतीयांश. नुसत्या येऊन-जाऊन असणाऱ्या माणसाची एवढी खूण नसते. हा माणूस तुमच्या घरात जेवतो, आणि जेवू घालतो."

मला लगेच कळलं होतं.

"अहो, ती बाई आहे आमची. कामाला येते."

"मग नाव लिहा की त्यांचं. पाचव्या सहवासी म्हणून. नमुना घेऊ, संमतीची सही घेऊ, दाखला लगेच देते. त्यांनी बोटीवर यायची सक्ती नसते."

इतकं सोपं होतं बघा. पण सहवासीचं नाव दाखल्यावर छापून येतं. आमच्या, म्हणजे ताम्हनकरांच्या, चार नावांखाली, त्याच अक्षरात, पाचवं नाव: छबू मारुती वायदंडे. तो दाखला बोटीवर सगळ्यांसमोर वाचला जाणार. नणंदेने गेल्याच दिवाळीत मला विचारलं होतं, "तुमची बाई टेबलावर बसून जेवते का गं?" आणि मी म्हटलं होतं, "छे, काहीतरीच काय!"

तेव्हा शिकलगार मॅडमना मी जे म्हटलं ते शब्दाला शब्द सांगते. "ती घरातली कशी असेल? तिची भांडी आम्ही वेगळी ठेवतो. कप वेगळा, ताटली वेगळी. सिंकखाली असतात."

पुरावा म्हणून सांगितलं मी हे. आणि सांगून झाल्यावर, आता पटलं ना, अशा चेहऱ्याने त्यांच्याकडे बघत राहिले.

मॅडमनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि टाइप करायला घेतलं.

"काय लिहिलंत?"

"तुम्ही सांगितलंत ते. अर्जदाराचं म्हणणं नोंदवावं लागतं." मग त्या म्हणाल्या, "नाव द्यायचं नसेल तर दुसरा मार्ग आहे. अठ्ठावीस दिवस त्यांचा संपर्क पूर्ण बंद ठेवा. त्यांच्या हातचं काही खायचं नाही. खूण पुसट होते. मग परत नमुने द्या. पण मी असते तर नाव लिहिलं असतं."

मी दुसरा मार्ग घेतला.

छबूताई आमच्याकडे अकरा वर्षं. सकाळी आठला येतात, संध्याकाळी सातला जातात. स्वयंपाक, अण्णांचं पथ्यपाणी, ओवीला शाळेतून आणणं, सगळं त्यांच्याकडे. त्यांचा कप पांढरा, कडेचा टवका उडालेला, मोठ्या कानाचा, भांडी घासायच्या साबणाशेजारी ठेवलेला. 'आम्ही जातपात मानत नाही' हे वाक्य आमच्या घरात येता-जाता म्हटलं जातं. कप वेगळा तो स्वच्छतेसाठी, असं मी स्वतःला सांगत आले. जिवाणू शिकवणारी बाई मी! साबणाने घासून धुतलेल्या कपावर काय उरतं आणि काय नाही, हे मला कोणी सांगायला हवं होतं का?

मकरंदला सांगितलं तर म्हणाला, "महिन्याचाच तर प्रश्न आहे. तुला योग्य वाटेल ते कर." त्याचं नेहमी असं असतं. ठरवायचं मी, आणि हात झटकायचे त्याने.

दुसऱ्या दिवशी छबूताईंना म्हटलं, "महिनाभर सुट्टी घ्या. घर रंगवायला काढतोय. पगार चालू राहील."

"मग तर मी पायजेच की वैनी! सामान हलवायचं, पुसापुशी..."

"नको नको, ठेकेदाराची माणसं आहेत."

त्या हात पुसत उभ्या राहिल्या. "माझं काय चुकलं का?"

"अहो, तुमचं काय चुकणार!"

"मग ठीक हाय." निघताना दारातून परत फिरल्या. "अण्णांना दुपारी भाकरी आमटीत कुस्करून द्यावी लागती बरं का. त्यांना ताटातलं दिसत न्हाई आता, पन सांगत न्हाईत. आन् ओवी शाळेतनं आली की तिला त्यातलाच घास लागतो. विरजण फडताळात झाकून ठेवलंय, तेवढं मोडू नका."

अण्णांना ताटातलं दिसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी दुपारी शाळेत असते, आणि रात्री अण्णा नुसतं दूध पिऊन झोपतात. डॉक्टर पडदे-बिडदे म्हणाले होते, पण माणसाला भाकरी दिसत नाही म्हणजे काय, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ते विरजण मात्र मी मोडलं. आमच्याकडे दही नीट लागेना म्हणून पहिल्या वर्षी छबूताईंनी आपल्या घरून वाटीभर आणलं होतं, तेच अकरा वर्षं चाललं होतं. मी ते मोरीत ओतलं, वाटी उकळत्या पाण्याने धुतली आणि दुकानातून दह्याचा डबा आणला. चमचे, पोळपाट, पिठाचा डबा, सगळं निर्जंतुक केलं. अण्णांचं दुपारचं जेवण सकाळीच वाढून गरम डब्यात ठेवायला लागले. मकरंद ऑफिसात जेवायचा, मी शाळेत, ओवी मैत्रिणीकडे थांबायची. वेळापत्रक कसं एकदम चोख बसलं. अण्णा एकटे जेवायचे. किती सांडायचं ते संध्याकाळी टेबलाखाली दिसायचं.

अकराव्या दिवशी बेल वाजली. रविवार होता. दार उघडलं तर छबूताई, हातात स्टीलचा डबा.

"मेतकूट केलंय अण्णांसाठी. थंडी सुरू झाली, त्यांना भातासंगं लागतंय." बोलता बोलता त्यांची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली. "रंग न्हाई काढला अजून?"

"सामान यायचंय अजून."

मी दार अर्धंच उघडलं होतं. डब्याला सरळ हात कसा लावू? अठ्ठावीस दिवस परत पहिल्यापासून मोजावे लागले असते तर बोट अगदी तोंडावर आली असती. मी ओट्यावरचं फडकं घेऊन आले आणि फडक्यात डबा धरला. छबूताईंनी त्या फडक्याकडे पाहिलं.

तेवढ्यात आतून ओवी "छबूमावशीऽऽ" करत धावत आली आणि मी तिचा दंड घट्ट पकडला. पोरगी कळवळली.

"येऊ नगं बाळा. आई म्हनती तसं कर," छबूताई म्हणाल्या आणि जिना उतरायला लागल्या.

मी मेतकूट कचऱ्याच्या पिशवीत रिकामं केलं आणि पिशवीला गाठ मारली. अन्न टाकू नये म्हणून ओवीच्या मागे लागणारी मीच. हात धुऊन बाहेर आले तर अण्णा खुर्चीत ताठ बसले होते.

"मेतकुटाचा वास येतोय. छबू आली होती का?"

"नाही अण्णा. शेजारी काहीतरी भाजतायत."

"असं होय," अण्णा म्हणाले.

आंधळ्या होत चाललेल्या माणसाशी खोटं बोलणं किती सोपं असतं, हे त्या दिवशी मला कळलं. आणि मग संध्याकाळभर मी त्यांच्याशी जरा जास्तच गोड बोलत राहिले. स्वतःचीच किळस आली मला.

एकोणतिसाव्या दिवशी नमुने दिले. एकतिसाव्या दिवशी मी शिकलगार मॅडमसमोर बसले होते, निळी फाइल मांडीवर, पाचवा कप्पा रिकामा.

"पाचवी खूण गेली," त्या म्हणाल्या.

"चला! सुटलो बाई."

"पण दाखला देता येत नाही." त्यांनी पडदा वळवला.

चार वर्तुळं. मधलं तुटक वर्तुळ पुसलं गेलं होतं. आणि चार वर्तुळांमधल्या रेघा इतक्या बारीक होत्या की मी चष्मा वर करून पाहिल्या.

"तुमच्या चौघांचा गट बनत नाही. आजोबांचं कोणाशीच पुरेसं जुळत नाही. मुलीचं तुमच्याशी थोडं जुळतं, तेही अटीपेक्षा कमी. यंत्राच्या दृष्टीने ही चार वेगळ्या घरांतली माणसं आहेत."

"असं कसं होईल? आम्ही एका घरात राहतो!"

"झोपता एका घरात," त्या म्हणाल्या. त्यांनी जुना अहवाल शेजारी लावला. "हे बघा. तुमच्या आपसांतल्या रेघा तेव्हाही बारीकच होत्या. जे जुळत होतं ते या मधल्या वर्तुळातून जात होतं. ज्या हाताची भाकरी, ज्या हाताचं दही, त्या हाताचे वाण तुमच्या चौघांत होते, म्हणून तुमचा गट जुळत होता. तो हात काढलात. विज्ञान शिकवता ना तुम्ही?"

शिकवते. आणि आकृतीत सगळ्यात आधी रेघा बघायच्या असतात, हेही मीच शिकवते.

"आता काय करायचं? बोट तीन आठवड्यांवर आलीय हो."

"पहिले नमुने नव्वद दिवस चालतात. त्या बाईंचा नमुना घेऊ आणि पहिल्या अहवालावर दाखला देऊ, पाच जणांचा. मात्र त्यांची संमती लागेल." त्यांनी कागदांचा एक संच पुढे सरकवला. "संपूर्ण अर्ज वाचून मग सही, असा नियम आहे. अर्जदाराच्या म्हणण्यासकट."

घरी येऊन कागद टेबलावर ठेवले आणि पाणी प्यायला आत गेले. अण्णांना वर्तमानपत्र ओवी वाचून दाखवते, तिला वाचायची हौस. "काय आणलंय गं आईने? वाच," असं अण्णांनी म्हटलेलं मला ऐकू आलं. मी ग्लास ठेवून पळाले, पण तोवर ती पोहोचली होती.

"अर्जदाराचे म्हणणे. सदर स्त्री घरकाम करणारी असून कुटुंबातील नाही. तिचा कप व ताटली वेगळी ठेवण्यात येते." ओवीने वर पाहिलं. "आई, म्हणजे तो मोठ्या कानाचा कप?"

मकरंद सोफ्यावर होता, त्याने मोबाइलमध्ये मान घातली. मी टेबलाला धरून उभी.

"तो कप मी वापरतो," अण्णा म्हणाले.

"काय?"

"दुपारचा चहा. कान मोठा आहे त्याला, बोटं नीट जातात, सांडत नाही. छबू आणि मी तोच कप वापरतो, धुऊन, आधी कोण आणि मग कोण असं काही नाही. ती नको म्हणायची. 'वैनींना आवडायचं न्हाई' म्हणायची. मीच ऐकलं नाही. आणि मेतकूट शेजारी भाजत नव्हते, वृषाली. मला दिसत नाही. वास येतो."

मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ओवी माझ्याकडे बघत होती, आणि मला तिच्याकडे बघवेना.

छबूताईंचं घर शंभर फुटी रस्त्याच्या मागे आहे, आमच्यापासून चालत वीस मिनिटं. अकरा वर्षांत मी पहिल्यांदा गेले. विचारत विचारत जावं लागलं. त्या दारात लसूण निवडत होत्या. मला बघून उठल्या, आतली एकुलती खुर्ची पुसून पुढे केली.

"अण्णा बरं हायत न्हवं?"

"बरे आहेत." मी कागद त्यांच्या हातात दिले. "सही हवीय तुमची. पण आधी सगळं वाचावं लागेल. सगळं."

छबूताई सातवी शिकलेल्या. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचतात. बोट त्या ओळीवर आलं, थांबलं, मागे गेलं आणि परत त्याच ओळीवरून फिरलं. मी लसणाच्या सालींकडे बघत बसले.

"कप येगळा हाय ते मला ठावं हुतं की," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासनं. त्याचं काय न्हाई. घरातली गोष्ट घरात हुती. तुम्ही लिहून कशापायी दिलंत वैनी?"

"चुकलं माझं, छबूताई. माफ करा."

"रंग काढला का घराला?"

"नाही."

"काढायचाच नव्हता न्हवं?"

"नव्हता."

"आन् मेतकूट?"

मी लसणाची एक साल बोटांत चुरगाळली.

"टाकलंत?"

"हो."

"अण्णांचं हुतं ते," छबूताई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "माझ्याशी कसं बी वागा. म्हाताऱ्याच्या तोंडचं काढून टाकलंत?"

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं, समजूत काढली नाही, आणि ते योग्यच होतं. मग त्यांनी पेन मागितलं. "हितं नातं लिहा म्हनत्यात. काय लिहू?"

"तुम्ही म्हणाल ते."

"तुम्ही सायबाला सांगितलंय न्हवं, काम करनारी बाई. तेच असू द्या. आता बदलून काय करताय." त्यांनी सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली. "अण्णांसाठी करते. त्यांनी पाणी बघाया पायजे, डोळं हायत तवर. नमुना द्याया उद्या मी मिरजंला जाऊन येते."

"सोमवारपासून याल ना?"

"न्हाई वैनी," त्या म्हणाल्या. मग चहा ठेवायला उठल्या. "च्या घेनार का? आमच्यात कप समदं एकच हायत."

मी घेतला. जीभ भाजली तरी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, आणि उठून कप विसळायला गेले तर त्यांनी तो हातातून काढून घेतला.

दाखला चार दिवसांत आला. पाच नावं, सारख्याच अक्षरात. मी तो निळ्या फाइलीच्या पाचव्या कप्प्यात ठेवला. अण्णांनी आधी "मला नाही जायचं" असा हट्ट धरला होता. नंतर म्हणाले, "तिने सही केलीय, म्हणून जातो." आपल्या पिशवीत त्यांनी तो मोठ्या कानाचा कप टॉवेलात गुंडाळून घेतला.

पाच जानेवारीला सकाळी मुंबईच्या बंदरावर लांबच लांब रांग होती. नणंद आमच्या मागेच, नवऱ्याला आणि मुलांना घेऊन. बोट एवढी मोठी की अण्णांनी मान वर करून "वरती हे पांढरं काय, ढग का?" असं विचारलं. ओवी म्हणाली, "आजोबा, ती बोटच आहे." ते लहान मुलासारखे हसले, आणि मला वाटलं, चला, निदान एवढं तरी झालं.

फाटकावर गणवेशातली तरुण मुलगी होती. तिने दाखला यंत्रावर धरला आणि मोठ्याने नावं वाचली, तसा नियमच आहे. चार नावं झाली. "पाचव्या सहवासी, छबू मारुती वायदंडे." मागून नणंदेचं "कोण?" मला स्पष्ट ऐकू आलं.

"त्या आल्या नाहीत," मी म्हटलं.

"आजारी आहेत का? आजारी असतील तर सगळ्या गटाला थांबावं लागेल. न येण्याचं कारण लिहावं लागतं मला."

कारणं माझ्याकडे किती होती! पासपोर्ट नव्हता. घरी कामं होती. त्यांना समुद्राची भीती वाटते. तोंड उघडलं आणि जिभेवर ही सगळी कारणं एकदम आली, एकाहून एक पटण्यासारखी. पासपोर्ट काढायला वेळ होता. विचारायलाही वेळ होता. अख्खा महिना मी त्यांना यादीतून पुसण्यात घालवला, आणि त्यांना बरोबर न्यावं हे आमच्या चौघांपैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं.

"आजारी नाही," अण्णा म्हणाले. आवाजाच्या दिशेने त्यांनी मान वळवली होती. "आम्ही तिला बोलावलंच नाही."

ती मुलगी गोंधळली. तिने माझ्याकडे पाहिलं, कारण फाइल माझ्या हातात होती. "मॅडम, असं लिहू? बोलावलं नाही म्हणून?"

रांग थांबली होती. नणंद ऐकत होती, ओवी ऐकत होती.

"लिहा," मी म्हणाले.